आधी आवाज बारीक

रविवारी वरच्या अल्बेनियन काकूंकडून आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. घडलं म्हणावं असं काही घडलंच नाही खरं तर. काकू नेहमीसारखा त्यांचा जुना अल्बेनियन सिनेमा ‘तोम्का’ लावून बसल्या होत्या, मी शेजारी बसून पालकाचा ब्युरेक खात होते. जिन्यात लेकीच्या किल्ल्या वाजल्या. काकूंनी रिमोट उचलला, आधी आवाज बारीक केला, मग अजून बारीक, मग बंद. लेक आत आली, टीव्हीकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं आणि हात धुवायला गेली. काकू तिचं ताट वाढायला उठल्या. संपलं.

पण थेट बंद का नाही केला? बंदच करायचा होता तर आधी आवाज कशाला कमी करायचा?

उत्तर मला माहीत आहे, म्हणून तर झोप लागत नाही. काकूंनीच मागे सांगितलं होतं. साम्यवादी राजवटीतल्या अल्बेनियात, समुद्रकाठच्या दुर्रसला त्यांच्या घरात टीव्ही होता, म्हणजे वडिलांना तो घ्यायची परवानगी मिळाली होती. समुद्रापलीकडे इटली. रिकाम्या डब्यात काहीतरी भाग बसवून वडिलांनी घरीच एक यंत्र केलं होतं, त्याने इटलीची चॅनेलं लागायची. रात्री अँटेना समुद्राकडे वळवायचा, उजाडायच्या आत पुन्हा सरळ करायचा. खिडकीला घोंगडी. आवाज इतका कमी की सगळ्यांनी सेटला चिकटून बसायचं, आणि जिन्यात पाऊल वाजलं की तोही बंद. सान रेमोची, म्हणजे तिथल्या गाण्यांच्या महोत्सवातली गाणी काकू अशी शिकल्या. इटालियनसुद्धा अशीच. मी पैसे भरून क्लास लावला तरी माझ्या तोंडी ती अजून अडखळते आणि त्यांच्या तोंडी मात्र वाहते. शेजाऱ्याने सिगुरिमीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कानावर घातलं असतं तर कलम 55 होतंच, राज्याविरुद्ध चिथावणी आणि प्रचार, वर्षानुवर्षं तुरुंग.

एका जाहिरातीत मांजर चांदीच्या बशीतून जेवायची. काकूंच्या आई म्हणायच्या, हे खोटं असणार, आपल्याकडेही दाखवतात तसंच. मला ही बाई फार आवडते, कधी भेटले नाही तरी. दोन्ही टीव्हींवर तिचा सारखाच अविश्वास होता.

हे सगळं इटालियन टीव्हीचं. आता काकू इटलीतच राहतात. 1991 च्या मार्चमध्ये त्या बोटीने ब्रिंदिसीला उतरल्या. ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ बोटीवरून त्यांचा भाऊ बारीला आला, त्याला स्टेडियममध्ये डांबलं आणि बहुतेकांसारखं परत पाठवलं, तो विषय त्या कधी पुढे नेत नाहीत. तर आता इटालियन टीव्ही त्या घर दणाणेल इतका मोठ्याने लावतात. आवाज बारीक होतो तो अल्बेनियन सिनेमाचा. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि लेक चुकीची आहे का? मुळीच नाही. तिच्या आजोबांना स्पाचला राजकीय कैद्यांच्या छावणीत ठेवलं होतं, तांब्याच्या आणि पायराइटच्या खाणीत. त्यांच्यासारखी माणसं त्या सिनेमांत कशी दिसतात ते मीही आता ओळखते. नीटनेटके कपडे, गोड बोलणं, आणि शेवटी हाच तो शत्रू. आजोबा खाणीत दगड फोडत होते तेव्हा बाहेर देशभर त्यांची तशी प्रतिमा पडद्यावर फिरत होती. 2017 मध्ये साम्यवादी राजवटीच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे प्रमुख अग्रोन तुफा यांनी किनोस्टुडिओचे, म्हणजे त्या राजवटीच्या सरकारी स्टुडिओचे, सिनेमे टीव्हीवर दाखवणं थांबवा म्हटलं, तेव्हा तिकडे केवढा वाद झाला. लेक तुफांच्या बाजूने होती. तिच्या जागी मी असते तर मीही असते.

मग मला वाईट नेमकं कशाचं वाटतंय?

‘तोम्का’त तसं बघितलं तर काय आहे? महायुद्धातली बेरात गावची पोरं. त्यांच्या फुटबॉलच्या मैदानावर जर्मन सैनिक येऊन तळ ठोकतात, पोरं गुपचूप पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमांना, मदत करतात. 1977 चा सिनेमा, जानफिसे केकोंचा. पोरं इतकी खरी आहेत, गुडघे फुटलेली, एकमेकांच्या अंगावर ओरडणारी, की मला भाषा कळत नसूनही मी गुंतते. संवाद यायच्या आधीच काकूंचे ओठ हलतात. त्या तेव्हा चौदाएक वर्षांच्या असतील. युगोस्लाव्हियाशी 1948 ला तोडलेलं, रशियाशी 1961 ला, चीनशीही तोडण्याच्या बेतात. बाहेरचं फार थोडं आत येऊ दिलं जायचं. त्या मुलीला हसायला, जीव लावायला जे होतं ते हेच होतं. हुकूमशहा एन्वर होजाने तिला दुसरं काही ठेवलंच नव्हतं. आणि आता तेही तिने चोरून बघायचं?

इथे येऊन मी पुन्हा पुन्हा अडते. सिनेमा लबाड होता हे मान्य. पण त्यावरचं तिचं प्रेम लबाड नव्हतं. या दोन गोष्टी एकाच घरात मोठ्या आवाजात का राहू शकत नाहीत?

काल रात्री मला स्वतःचीच कीव आली. दूरदर्शन, रविवार सकाळ, दादा गच्चीवर अँटेना फिरवतोय आणि आम्ही खालून ओरडतोय, ‘आलं, आलं, नको हलवू!’ हे इथे कुणाला सांगू? ह्याचं लहानपण हॉस्टेलात गेलं, पोरीला मराठी मालिका लावल्या की ती उठून जाते. कुणाच्या तरी शेजारी बसून आपल्या लहानपणीचं काही गुणगुणावं, त्याने पुढची ओळ म्हणावी, एवढंही मला इथे नाही. रडले जरा. आईला फोन करणार होते, तिथे पहाट होती.

सकाळी मात्र वाटलं, अगं, मी गुणगुणले तर निदान कुणाचे आजोबा आठवून कुणाच्या पोटात ढवळत नाही. मला कुणी ऐकत नाही आणि काकूंना ऐकलं जाण्याची भीती, हे एकच दुःख नव्हे. माझं हलकं आहे. हलकं आहे म्हणून नाहीच असंही नाही, पण त्याचं मी बघून घेईन.

आज दुपारी जिन्यात काकू भेटल्या. रविवारचं कुणीच काढलं नाही. त्यांनी विचारलं, गुरुवारी येतेस का, नॉर्मन विझडम या इंग्रज विनोदी नटाचा सिनेमा लावणार आहे. त्याचा मिस्टर पिटकिन तिकडे भलताच लाडका होता. मालकाच्या तडाख्यात सापडलेला साधा कामगार म्हणून होजाच्या लोकांनी त्याला चालू दिलं होतं. म्हणजे तोही त्यांनीच निवडून वाढलेला. लेकीला मात्र तो चालतो, लहानपणी तीही आईबरोबर पोट धरून हसायची म्हणे. येणार आहे तीही. मी शेव करून नेते म्हटलं, काकूंना आवडते. तिखट जरा कमी घालायला हवं, लेकीला सोसत नाही.