झोळी आणि तेवीस किलो

येशूनं बारा शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव धाडलं, तेव्हा सामानाची यादी एका ओळीत आटोपली होती. काठी घ्या, पायांत वहाणा घाला. भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत. मार्काच्या सहाव्या अध्यायात हे आहे. मत्तयाच्या यादीत तर काठीलाही मनाई आहे. नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती घरातलं पोरगं आज मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, परदेशी निघालं, की मात्र आधी वजनकाटा शोधला जातो. बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलोच्या वर जाऊ देत नाहीत आणि आईचा पहिला डबाच पाच किलोंचा असतो.

त्या डब्यात कळणा असतो. चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे उडीद, थोडं जाडं मीठ, सगळं एकत्र दळलेलं. शेजारी काळ्या मसाल्याची पिशवी; तिला दुसरी पिशवी, दुसरीला तिसरी, तरी चौथ्या दिवशी पांढऱ्या शर्टांना मसाल्याचा वास येतोच. पेढे, तूप, खरवस युरोपात नेऊ देत नाहीत, दुधाचे पदार्थ तिथं विमानतळावरच काढून घेतात. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते. लपवलं तर दंड, सांगितलं तर बहुधा नुसती तपासणी. मिक्सर अमेरिकेला नेऊच नये. आपला 230 व्होल्टचा, तिथली वीज 120 ची. पातं फिरतं, पण चटणी होत नाही.

मराठी बायबलमध्ये पाव नाही, भाकर आहे, ही मला फार आवडणारी गोष्ट. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात त्या मुलाजवळ असतात जवाच्या पाच भाकरी. म्हणजे सकाळी उठून पोरगं भाकर मागतं आणि टोस्टरमधून वर येतो तो पाव.

मग ते स्वतः भाकर थापायला बसतं. पहिली भाकर मोडते, कारण सामान पोचून, घर लागून, पिठाला दोन महिने झालेले असतात आणि जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. कळण्यात उडदाचा चिकटपणा असतो म्हणून तो जरा तरी टिकतो. नुसत्या ज्वारीचं पीठ थापताना कडेनं चिरत जातं. उपाय उकडीचा. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणायची, वाटीभर पीठ टाकून ढवळायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरायचं. कोमट असतानाच मळायचं; गार झालं की पुन्हा तेच रडगाणं. थापणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटावं. बघायला आई नसते.

खरी अडचण पुढं. भाकर फुगायला जाळ लागतो आणि तिथल्या भाड्याच्या घरांत बहुतेक वेळा जाळच नसतो. इंडक्शनच्या शेगडीवर घरून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतसुद्धा नाही. बुडाला चुंबक चिकटला तरच भांडं चालतं, म्हणून भांडी घ्यायला जाताना फ्रिजवरचा चुंबक खिशात टाकावा. बिडाचा तवा मात्र उत्तम चालतो. पाण्याची बाजू वाळली की उलटायची आणि दुसरी बाजू शेकताना फडक्यानं कडा दाबत जायचं. वाफ मधे जमते आणि भाकर बऱ्यापैकी फुगते. काळ्या रश्श्यासाठी कांदा-खोबरं विस्तवावर भाजायची सोय नाहीच. ओव्हनच्या ग्रिलखाली ठेवायचं आणि हलायचं नाही. खोबरं आधी जळतं, कांदा मागाहून.

आणि छतावर धुराच्या अलार्मची ती पांढरी डबी. धूर दिसला की भोंगा. मिरचीच्या ठेच्याला तर ती जागची उठते. डबीवर मोजा चढवून ती बंद पाडणं हा गुन्हा ठरू शकतो, शिवाय मूर्खपणा आहेच. त्यापेक्षा एक्झॉस्ट लावावा, खिडकी उघडावी, आच मंद ठेवावी. काही इमारतींत या डब्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मग रात्री नऊला अख्खी इमारत कोट घालून रस्त्यावर येते. आठवडाभर दारं वाजवून जी माणसं भेटली नव्हती, ती सगळी पाच मिनिटांत समोर.

लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, त्यांच्यात मिशनवरच्या दिवसाचा साचा ठरलेला आहे. साधारण साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवा बंद. मिशन मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. सोबत्याला एकटं सोडायचं नाही, म्हणजे ठेच्याचा ठसका पेरूच्या किंवा फिलिपिन्सच्या पोरालाही बसतो. अठरा वर्षांच्या मुलाला तिथं 'एल्डर', म्हणजे वडील, म्हणतात. आपल्या चर्चच्या मंडळीत 'वडील' म्हटलं की चष्मा, काठी आणि जुनी भांडणं डोळ्यांसमोर येतात. चहाही त्यांना वर्ज्य. खानदेशातल्या माणसाला दोन वर्षं पाव चालेल, पण चहा नाही म्हटल्यावर घरचे खरे काळजीत पडतात.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा: धुणं, बाजार, केस कापणं. 2019 पासून दर आठवड्याला घरी बोलता येतं; त्याआधी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला. शुभवर्तमान कुठवर पोचलं ते वडील विचारतात. आई विचारते, "जेवना का रे?"

शंभर वर्षांपूर्वी ही वाहतूक उलटी होती. पश्चिम खानदेशात स्कॅंडिनेव्हियन मिशनरी यायचे, पंडिताकडून मराठीतला 'ळ' घोटायचे आणि बाजारात गेले की कानावर अहिराणी, डोंगरात मावची बोली. त्यांच्या पेट्यांत काय असायचं देव जाणे, पण सुका मासा नक्की असणार.

आजच्या मॉर्मन पोरांची दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. नाव लागलं की दोन दिवसांत बॅग भरायची आणि पुन्हा तोच काटा. कळणा संपलेला असतो, तवा जड असतो. तो शेगडीखालीच राहतो, मसाल्याची उरलेली वाटी कपाटात, आणि तिच्यावर पुढच्यासाठी चिठ्ठी: आधी खिडकी उघड.