२५७ डिग्रीला बरोबर, बाकी सगळं गंडलेलं

भोसरी एमआयडीसीत एका हीट ट्रीटमेंटवाल्यांकडून फोन आला. भट्टीच्या कंट्रोलरची लॉग फाईल (तापमानाच्या नोंदींची) नवीन पीसीवर वाचायला घेतल्यापासून ग्राफ येड्यासारखा उड्या मारतोय, थर्मोकपल म्हणजे तापमानाचा सेन्सर बदलून झालं, वायरिंग तपासून झालं, आता तुम्हीच या म्हणे. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून कसाबसा पोचलो तर मेंटेनन्सचे मामा वही घेऊनच उभे. भट्टीवरच्या डिस्प्लेचं रीडिंग एका रकान्यात, पीसीवरचं शेजारी.

"साहेब, हे २५७ ला बरोबर दाखवतंय बघा. ५१४ लापण बरोबर. मधे कुठंच नाही."

वहीत २५६ समोर १ होतं, २५७ समोर २५७, २५८ समोर ५१३ आणि ५०० समोर चक्क उणे ३०७१. जळती भट्टी आणि उणे तीन हजार! पण सेन्सर खराब झाला तर असा शिस्तीत खराब होत नाही हो, एक डिग्री वाढली की पीसीवर २५६ ची उडी, म्हणजे वरचा बाइट खाली आणि खालचा वर गेलाय हे तिथंच कळलं. (बाइट म्हणजे आठ बिट; इथं एक आकडा दोन बाइटचा, वरचा गुणिले २५६ अधिक खालचा.) मामांना कम्प्युटरचं काही माहीत नाही पण अर्धं निदान त्यांनीच करून ठेवलेलं.

कंट्रोलरमधला बोर्ड जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरचा, तो मोठा म्हणजे वरचा बाइट आधी लिहितो, म्हणजे बिग एंडियन. २५६ त्याने ०१ ०० असं लिहिलं (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर). इंटेलचा पीसी लिटल एंडियन, तो पहिला बाइट छोटा समजतो, म्हणून त्याला १ दिसला. २५७ म्हणजे ०१ ०१, कुठूनही वाचा. ५०० चे बाइट ०१ एफ४, उलटे केले की एफ४ ०१, आणि आकडा साइन्ड १६ बिटचा, म्हणजे सगळ्यात वरचा बिट एक असला की उणे धरला जाणारा, असल्यामुळे तो निगेटिव्हमध्ये गेला.

पीसीवर फाईल वाचणारा प्रोग्राम लिहिणारा पोरगा माझ्यासोबतच होता. त्याने फाईलमधून एफरीड (सी भाषेतलं बाइट वाचायचं फंक्शन) करून थेट स्ट्रक्टमध्ये, म्हणजे रेकॉर्डचे सगळे भाग एकत्र ठेवणाऱ्या साच्यात, ओतलेलं. कारण कळल्यावर लगेच म्हणाला, सर, प्रोसेसर ओळखून इफडेफ (कम्पाइल करतानाची अट) टाकतो, इंटेल असेल तर बाइट स्वॅप. मी म्हटलं बाबा रे, आपलं मशीन कुठलं ते विचारूच नको, फाईलमध्ये बाइट कुठल्या क्रमाने आहेत एवढंच बघ. पहिला बाइट आठ बिट लेफ्ट शिफ्ट कर म्हणजे २५६ ने गुण, दुसरा त्याला ऑर कर म्हणजे खालच्या रिकाम्या जागेत बसव, झालं, हेच कोड इंटेलवर चालतं आणि पॉवरपीसीवरपण. फक्त बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये (एका बाइटचा, उणे नसलेला टाइप) घे, नुसता कॅर इंटेलवर बहुतेक साइन्ड असतो आणि १२७ च्या वरचा बाइट आला की वरचे सगळे बिट एक होऊन बसतात. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर तोच कॅर अनसाइन्ड, त्यामुळे तिथं टेस्ट केलं तर बग दिसतच नाही, ही खरी पीडा.

पुढची भानगड ऑफिसला आल्यावर. तेच कोड आमच्या ६४ बिट लिनक्स सर्व्हरवर चालवलं तर एक सोडून एक रेकॉर्ड गायब! कागदावर रेकॉर्ड सात बाइटचं, चॅनेल एक, टेम्परेचर दोन, वेळ चार. हेक्स डंप काढला, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे छापले, तर प्रत्येक रेकॉर्ड आठचं, चॅनेलच्या मागे एक बाइट उगाच, काहीही कचरा असलेला. ते कंट्रोलरच्या कम्पायलरने घातलेलं पॅडिंग, दोन बाइटचा आकडा सम जागेवर सुरू व्हावा म्हणून. विंडोजवर नशिबाने तसंच पॅडिंग पडत होतं म्हणून जमून गेलं. पण पोराने वेळेसाठी लाँग हा टाइप वापरलेला, तो विंडोजवर चार बाइट आणि ६४ बिट लिनक्सवर आठ, स्ट्रक्ट गेलं सोळावर आणि एका घासात दोन रेकॉर्ड गिळायला लागलं. एवढ्यासाठीच स्ट्रक्ट आहे तसं फाईलमध्ये ओतू नये असं म्हणतात, पण घाई असली की सगळेच ओततात.

मग स्ट्रक्ट वाचणं बंद. आठ बाइटचा बफर, बाइट ० चॅनेल, बाइट १ सोडून द्यायचा, २ आणि ३ टेम्परेचर, ४ ते ७ वेळ, सगळे मोठा बाइट आधी, साइज ठरलेले टाइप. टेस्टसाठी पोराने आधी ०, उणे १ आणि २५७ घेतले होते, ते तिन्ही (०० ००, एफएफ एफएफ, ०१ ०१) उलटसुलट सारखेच येतात, ते काढून २५८ आणि उणे २ टाकायला लावले.