राखाडी साका

आज असेसमेंट झाली. हेमॅटाइट या खनिजातलं लोखंड किती टक्के आहे ते डायक्रोमेट टायट्रेशनने, म्हणजे माहीत तीव्रतेचं डायक्रोमेटचं द्रावण मोजून घालत, काढून दाखवायचं होतं. ही टायट्रेशन मी कितीतरी वेळा केलीये, पण मॅडम शेजारी उभ्या राहून बघायला लागल्या की पिपेटवरचं बोटसुद्धा जड होतं.

०.२५०० ग्रॅम पूड तोलली, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम केली, खळखळ उकळू दिली नाही कारण फेरिक क्लोराइड वाफेबरोबर उडतं. तळाला पांढरी सिलिका उरली. इथपर्यंत ठीक.

मग स्टॅनस क्लोराइड, फेरिक लोखंडाचं फेरस करायला, कारण डायक्रोमेट फेरसच मोजतं. द्रावण गरम असतानाच थेंब थेंब घालायचं, पिवळा रंग गेला की वर फक्त एक-दोन थेंब, बास. माझ्याकडून चार-पाच तरी पडले असतील, मला तेव्हाच जाणवलं होतं पण वाटलं चालून जाईल. थंड करून, उरलेलं स्टॅनस संपवायला मर्क्युरिक क्लोराइड ओतलं आणि रेशमासारखा पांढरा साका (द्रावणातून न विरघळता वेगळा होणारा पदार्थ) यायचा तिथे राखाडी आला! म्हणजे जास्तीच्या स्टॅनसने पार मर्क्युरीच (पारा) सुटी झालेली, आता डायक्रोमेट तिच्यावरही खर्च होणार आणि लोखंड आहे त्यापेक्षा जास्त दिसणार. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. तसंच पुढे रेटलं असतं तर आकडा आलाच असता, कागदावर छानही दिसला असता. पण मी म्हटलं हा फ्लास्क रद्द करते, आणि तो बेसिनमध्ये न ओतता मर्क्युरीच्या वेस्टच्या बाटलीत टाकला.

परत दोन नमुने लावले, वेळ जात होता, पोटात गोळा. या वेळी मात्र साका दोन्हीकडे पांढरा, अगदी थोडासा, जसा हवा तसा. सल्फ्युरिक-फॉस्फोरिकचं मिश्रण घातलं, शेवट रंगाने दाखवणारा इंडिकेटर घातला, डायक्रोमेट सोडत गेले, पहिला हिरव्यावरून जांभळा झाला २८.४० मिलीला आणि दुसरा २८.३५ ला. ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या डायक्रोमेटचा १ मिली म्हणजे ५.५८५ मिलीग्रॅम लोखंड, त्या हिशोबाने ६३.४ आणि ६३.३ टक्के. शुद्ध हेमॅटाइटमध्येच ६९.९ असतं, तेव्हा हे पटण्यासारखं.

नंतर मॅडमनी प्रश्न विचारले. परमँगनेट का नाही? तर ते क्लोराइडवरही काम करतं, डायक्रोमेट थंड द्रावणात त्याला हात लावत नाही. फॉस्फोरिक कशाला? फेरिकला बांधून ठेवतं, पिवळेपणा जातो आणि एंड पॉइंट लख्ख दिसतो. हे पाठ होतंच, पण राखाडी साक्याचं कारण विचारलं तेव्हा मी आठवत नव्हते, नुकतंच बघितलेलं सांगत होते, आणि ते किती वेगळं असतं! खूप बरं वाटलं.

वहीत पहिला फ्लास्क खोडला नाही, कारणासकट लिहून ठेवलाय.

पुढच्या वेळी स्टीलमधलं निकेल, डीएमजीने (डायमिथिलग्लायऑक्झाइम, निकेलचा साका पाडणारं रसायन). तिथे टार्टरिक ॲसिड विसरले तर अमोनिया घातल्याबरोबर सगळं लोखंड खाली बसेल. उद्या गाळायची क्रुसिबलं धुवून, वाळवून, वजन करून ठेवायचीयेत.