माईचा फोटो

दुपारपासून कशात लक्ष नाही. पानशेतच्या पुरानंतरचे जुने फोटो घेऊन आईजवळ बसले होते. वाटलं, बोलेल. ती एकेक डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि परत द्यायची. एकावर मात्र अडली. नारायण पेठेतली गल्ली. वाड्याची दर्शनी भिंत खचलेली, माडीचा जिना तेवढा उभा. सहाव्या पायरीपर्यंत चिखल, वरचं लाकूड कोरडं. खाली मातीच्या ढिगातून ट्रंकेचा एक कोपरा वर आलेला. आईचं बोट त्या कोपऱ्यावर.

"आपली नाही," म्हणाली. "आपलीचा कोयंडा पितळी होता."

म्हणजे १२ जुलै १९६१ पासून ती शोधतेच आहे.

मला रडू आलं. आईसाठी नाही, माझ्यासाठी. माईच्या तरुणपणाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. सगळे म्हणतात नाक माईचं घेतलंस, पण ताडून कशाशी बघू? पडलेल्या वाड्यांचे फोटो आहेत, लकडी पुलाचे आहेत, रस्त्यातल्या गाळाचे आहेत. माईचा नाही. आदल्या रात्री जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. सकाळी ते धरण फुटलं, मग खडकवासला. एक ट्रंक वर न्यायला किती वेळ लागतो? अण्णांनी निदान... जाऊ दे. ते आज नको.

सहाच पायऱ्या. मघापासून तेच घोळतंय. पण तो जिना आमचा नाहीच. आमच्या वाड्याचं जोतंसुद्धा राहिलं नव्हतं. मातीच्या भिंती, भिजल्या आणि बसल्या. ट्रंक माडीवर असती तरी माडी कुठे होती?

संध्याकाळी आई आपणहून बोलली. पूर ओसरल्यावर निसेन हट मिळाली, तेव्हाचं. अर्धगोल पत्रा, भिंत म्हणून सरळ काही नाहीच. शेजारच्यांनी देवाची तसबीर टांगली, तर ती भिंतीला टेकेना, वाऱ्याने हलत राहायची. "माईचा फोटो असता तर तोही असाच हलला असता गं," म्हणाली, आणि तिला हसू आलं. मलाही.

मग मला दिव्याखाली बसवलं. हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, बराच वेळ बघितलं.

"नाक नाही. कान माईचे आहेत."