निशाणी डावा अंगठा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील ज्या लहानशा धर्मादाय दवाखान्याच्या नोंदी मी सांभाळतो, त्याच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि माळ्यावरची दप्तरे खाली उतरली. देणगीदारांची पाने सहज भरली. कोणी भात दिले होते, कोणी कौले, कोणी आठ दिवसांचे श्रम; हिशेब 1 एप्रिल 1957 पासून नव्या पैशांत आहे, तरी कारकून पुढे कितीतरी दिवस समासात आणे मांडून पाहत असे. त्याआधी 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र मुंबईकडेच राहिला, आणि तिकडून येणारे रुग्ण एका रात्रीत परराज्यातले ठरले. प्रसूती नोंदवहीत त्या तारखेला एवढेच आहे: दोन बाळंतपणे, दोन्ही मुली, वजने पौंड-औंसांत.

गेल्या आठवड्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या. "माझी आय हितं सुईण होती. तिचं नाव कुठं आहे, तेवढं दाखव बाळा."

नोंदवहीत 'प्रसूती कोणी केली' या रकान्यात सर्वत्र डॉक्टरांचीच सही होती. मी दौऱ्याची वही शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा पटकीची लस टोचण्यासाठी डॉक्टर तीन-तीन दिवस खेड्यांवर असतानाही येथे त्यांच्या सहीने मुले जन्मत होती, असे दिसले. सह्या नंतर एकदम केलेल्या असाव्यात. शाई एकसारखी आहे. ही सवय आजही गेलेली नाही.

शेवटी पगारपत्रक काढले. अंगठ्याखाली 'निशाणी डावा अंगठा', अंगठा कोणाचा आणि लिहिणार कोण, एवढे नोंदवणे कारकुनाचे साधे कर्तव्य असते. समासात आणे मांडणाऱ्या त्या काटेकोर गृहस्थाने दोन ठशांपुढे केवळ 'आया' असे लिहून ठेवले आहे. आईच्या अंगठ्यावर भात कापताना लागलेल्या विळ्याचा व्रण होता, असे आजी म्हणाल्या. एका ठशात तिरपी पांढरी रेघ आहे. ती व्रणाची की कागदाच्या सुरकुतीची, हे भिंग लावूनही मला ठरवता आले नाही. आजींनी आपला अंगठा बराच वेळ त्या ठशाशेजारी टेकवून ठेवला.

दोन्ही ठशांचे छायाचित्र मी छापखान्यात दिले आहे. खाली काय छापायचे, असे विचारणारा त्यांचा दूरध्वनी काल दोनदा येऊन गेला.