सत्तर ते एकशेवीस

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, टेस्टिंगची उपकरणं बनवतो. आमचा एक ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारं सर्किट, नॉबने ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ फिरायचा. गिऱ्हाइकाला तो ७० ते १२० हवा होता, तोही त्याच डब्यात. सर म्हणाले, "व्होल्टेज वाढव गं, होईल." व्हॅरॅक्टर म्हणजे व्होल्टेज वाढवलं की ज्याचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजायची पिकोफॅरडमध्ये) कमी होतो असा डायोड; कपॅसिटन्स कमी झाला की फ्रिक्वेन्सी चढते. ९ ऐवजी २५ व्होल्ट दिले की आमचा व्हॅरॅक्टर १२ वरून साडेपाच पिकोफॅरडवर उतरतो, हे खरंच. पण हिशेब केला तर ७० पासून निघालेली गाडी ९७ ला थांबत होती.

फ्रिक्वेन्सी ७० वरून १२० ला न्यायची, तर सर्किटचा एकूण कपॅसिटन्स जवळजवळ तिपटीने बदलायला हवा. वर्गमुळाचं गणित आहे, तिथे घासाघीस चालत नाही. आणि आमच्या बोर्डावर ट्रान्झिस्टर, ट्रिमर (स्क्रूने जुळवायचा छोटा कपॅसिटर), तांब्याचे ट्रॅक मिळून १४ पिकोफॅरड ठाण मांडून बसलेले. ते हलत नाहीत. सगळे डायोडचा कॅटलॉग चाळतात, या न हलणाऱ्यांकडे कोणी बघत नाही.

ट्रिमर काढला, तसे चारएक पिकोफॅरड गेले. डायोडला जोडणारा १०० पिकोचा कपॅसिटर हजाराचा केला, कारण सीरिजमधला छोटा कपॅसिटर डायोडचा फरक खाऊन टाकतो. आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतून त्याच नंबरचा आणखी एक डायोड आणून पहिल्याला समांतर लावला. बदलणारा भाग दुप्पट, न बदलणारा तेवढाच. फ्रिक्वेन्सी ठरवणारा दुसरा भाग म्हणजे कॉइल, ती मात्र ८९ वरून ७६ नॅनोहेन्रीवर आणावी लागली. वेढे थोडे ताणले. नॉब फिरवला, ७० ते १२६. सर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

मग सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते रेघांनी दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावला. मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना १०० किलोहर्ट्झवर दोन शिंगं! कमी व्होल्टेज चढवून २५ व्होल्ट बनवणारं बूस्ट मॉड्यूल त्याच वेगाने स्विच होत होतं. ७० च्या टोकाला एका व्होल्टला सुमारे ५ मेगाहर्ट्झ सरकतात, म्हणजे एका मिलिव्होल्टच्या रिपलला (व्होल्टेजमधल्या थरथरीला) ५ किलोहर्ट्झ. तेवढ्यानेही शिंगं मुख्य रेघेच्या जेमतेम ३२ डेसिबल खाली येतात.

सरांना मॉड्यूल बदलायचं होतं. मी आधी डायोडला व्होल्टेज नेणाऱ्या ट्यूनिंगच्या वायरवर, रिपल गाळायला, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. शिंगं नॉइजमध्ये बुडाली. नॉब फिरवल्यावर फ्रिक्वेन्सी स्थिरावायला आता चाळीस-पन्नास मिलिसेकंद लागतात. झपाट्याने स्वीप करायचा (फ्रिक्वेन्सी आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची) असता तर हे चाललं नसतं, पण गिऱ्हाईक हातानेच फिरवणार होतं.

शेवटी डब्याचं झाकण बसवलं, तर १२६ चे १२३ झाले. वरच्या टोकाला सगळे मिळून २१ पिकोफॅरडच उरतात, त्यात झाकणाने एकाची भर घातली की तीन मेगाहर्ट्झ जाणारच. १२० मागितले होते, म्हणून स्क्रू आवळून टाकले.