रिक्षांच्या रांगेत एमजी

कोकणात गाडीला चामड्याच्या सीटा लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आषाढात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते तिथे चामड्याचे चोचले पुरवणार कोण? पण दादाला हे कोण सांगणार! मुंबई सोडून मालवणला कायमचा आला तो जुनी एमजीबी घेऊनच. दोघांपुरती, उघड्या टपाची. 1962 मध्ये इंग्लंडात ती निघाली तेव्हा सीटा चामड्याच्याच होत्या, हा त्याचा मुद्दा. 1970च्या सुमारास कंपनीच रेक्झिनवर आली, हा माझा.

वाद मिटवला रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराने. "चामडा नको ओ, पावसात बुरशी येतली. रिक्षाक लावतंय ताच लावया."

जुनं कव्हर त्याने फाडलं नाही. दाभणाच्या टोकाने एकेक टाका उसवला, प्रत्येक तुकड्यामागे खडूने 'डावा', 'उजवा', 'वर' लिहिलं. तेच तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून कापायचे, म्हणून एवढी निगुती. पायपिंगखालची पट्टी उलगडली तर आत लालभडक मूळ रंग! बाकी सीट उन्हाने विटकरी झालेली. आतला फोम बोटांत चुरा होत होता, आणि बैठकीखाली ताणलेलं रबर पार लोंबलं होतं. हुकांना खाऱ्या हवेचा गंज.

मी उगाच विचारलं, फोमऐवजी काथ्या भरला तर? विचारायला कारण होतं. जुन्या बीटल गाड्यांच्या सीटांत रबर लावलेला काथ्या असायचा. जर्मनांच्या बुडाखाली नारळाची सोडणं, आणि नारळाच्या गावात आम्ही फोम शोधतोय! कारागीर हसला नाही. एमजीला फोमच, म्हणाला.

दोरा मात्र नायलॉनचाच, सुती इथे कुजतो. शिवलेलं कव्हर त्याने भर दुपारी पत्र्यावर टाकलं. रेक्झिन ऊन लागून मऊ झालं, मग फोमवर प्लास्टिकचा कागद घालून दोघांनी ते मोज्यासारखं चढवलं. एक सुरकुती राहिली, तर सगळं पुन्हा काढलं.

आता नवा फोम इतका फुगीर की टप लावला की दादाचं डोकं कापडाला टेकतं. त्यावर कारागिराचं उत्तर तयार होतं, "बसान बसान बसतली ती." दादा त्यासाठी रोज संध्याकाळी देवबागपर्यंत चक्कर मारतो. शेजारची सीट बसवायचं काम वहिनीकडे आहे.